सात टक्के फ्लोरिन

तारे सरांच्या आलेखातली रेघ कधी खाली येत नसे. निसर्गाची तेवढी हिंमतच नव्हती.

मधुकर तारे उज्जैनच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि ऋता त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. काम असं: जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात थोडं फ्लोरिन मिसळायचं, ते तापलेल्या काचेवर फवारायचं आणि झिंक ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म थर जमेल त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं. ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन बसलं की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. वीज सहज वाहते, काच मात्र पारदर्शकच राहते.

फ्लोरिन तीन टक्क्यांपर्यंत नेलं तोवर आकडे वाढले. पाचला घसरले, सातला पार कोसळले. ऋतानं तीनदा नव्यानं काचा केल्या. तेच.

"जादा फ्लोरिनला जागाच उरत नाही, सर. ते भलतीकडेच अडकतं आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेत तंगडी घालतं."

"जितकं फ्लोरिन तितकी वीज, असा सारांश परिषदेला पाठवून झालाय," सर पान चघळत म्हणाले. "पाच आणि सातचे आकडे हटवून टाक. फालतू लफडा नको."

तिनं हटवले. सरांची तिला एरवी कीव यायची. त्या दिवशी स्वतःची किळस आली.

उज्जैनच्याच फ्रीगंज भागातल्या हॉटेलात परिषद भरली. पाऊण तास नुसते हारतुरे. मग सर तीन ठिपक्यांच्या सरळ रेघेसमोर छाती काढून उभे राहिले आणि घरोघरच्या खिडक्या वीज बनवतील, असं सांगून मोकळे झाले.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या शोभा माटे यांनी हात वर केला. "तीनच्या पुढे काय होतं?"

"और बढ़ता है, मॅडम!"

"मोजलंत?"

"ऋता बताएगी." सरांनी तिच्याकडे बघून डोळे वटारले.

ऋता उठली. "मोजलंय. पाचला घसरतं, सातला कोसळतं. सरांनी आकडे काढायला सांगितले आणि मी काढले."

सरांची पापणीही लवली नाही.

"बिलकुल! म्हणजे तीन टक्के हीच सर्वोत्तम मात्रा. हीच तर आमची खोज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक टाळ्या वाजवायलाच आले होते.

चहाच्या वेळी शोभाताई तिला गाठून म्हणाल्या, "आकडे काढलेस कशाला?"

"घाबरले."

"हं. सातवाल्या काचा पुण्याला घेऊन ये. आतली रचना बघू."

सोमवारी सरांनी तिच्याकडून लॅबची किल्ली काढून घेतली; सातवाल्या काचा तिनं त्याआधीच घरी नेल्या होत्या. नोटीसबोर्डावर बातमी लागली: 'डॉ. तारे यांचा नवा शोध.' ऋतानं ती उभ्याउभ्या वाचली, हसली, आणि मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज ऑफिसात दिला.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या बसस्टँडवरून तिनं इंदूरची बस पकडली. पुढं पुण्याची गाडी होती. काचांचा डबा तिनं सामानात टाकला नाही. मांडीवरच ठेवला.