चाकातले दूध

आब्रान ताफोयाच्या सायकलच्या टायरांत सराट्याचे काटे रुतलेले असत आणि तो ते कधी उपटत नसे. रिओ ग्रांदे नदीच्या त्या खोऱ्यात कोणीच उपटत नाही. पाटाकडेच्या कच्च्या रस्त्यावर सराट्याचे वेल पसरलेले असतात. ते चुकवून सायकल चालवायची म्हटले तर घरीच बसावे लागेल. म्हणून तिथले लोक टायरमध्ये ट्यूब घालत नाहीत. रबराचे पातळ, पांढरे औषध ओततात आणि त्याला दूध म्हणतात. काटा घुसला की दूध भोकाशी धावते, घट्ट होते, आणि काटा तिथेच झिजत राहतो.

वस्तीला या दुधाची सवय आब्राननेच लावली होती. शेतकऱ्यांचा रखवाला मानलेल्या संत इसिद्रोच्या सणाआधी लोक आपल्या सायकली त्याच्या अंगणात आणून ठेवत. त्याचे पालुपद सगळ्यांना पाठ होते: या कोरड्या हवेत दूध आतल्या आत वाळते आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून चाक काढून कानाशी धरा आणि हलवा. खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर भर घाला.

या वर्षीही त्याने एकेक चाक कानाशी धरले, मान डोलावली आणि सरसकट सगळ्यांच्या चाकांत दूध ओतले. त्याचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि या हिवाळ्यात डावाही जवळजवळ गेला. डॉक्टरांनी दिलेले ऐकायचे यंत्र कपाटात मोज्यांखाली पडून होते. शेवटी स्वतःच्या सायकलची चाके कानाशी धरली, तेव्हा आत काहीच वाजले नाही. दूध असणारच, आपल्यालाच ऐकू येत नाही, असे त्याने स्वतःला समजावले. दुसऱ्या कोणाला ऐकायला सांगावे तर कानाचे बिंग फुटणार. आणि भरलेल्या चाकात पुन्हा ओतणे हे नवशिक्याचे लक्षण, असे तर तोच लोकांना सांगत आला होता. त्याने चाके तशीच बसवून टाकली.

सणाच्या सकाळी संताची मिरवणूक पाटावर जाते, पाद्री पाण्याला आशीर्वाद देतात आणि मग सगळे आब्रानच्या अंगणात जेवतात. संताची लाकडी मूर्ती आब्रानच्या सायकलच्या पुढच्या पेटीत बसते. पेटी त्याच्या वडिलांनी केलेली. लोक मागून चालत येतात आणि आब्रान सर्वांत पुढे, सावकाश पायडल मारत. वर्षभरात याच एका दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा.

त्या सकाळी मूर्ती टॉवेलमध्ये गुंडाळून तो बाहेर आला. अंगणात गिटारवाले जमले होते, पाद्री आले होते. सायकल आरशासारखी चकचकत होती. दोन्ही टायर मात्र जमिनीवर बसले होते.

सायकलशेजारी कॉलिन उभा होता. हा आब्रानच्या मुलीचा, नोएलियाचा होणारा नवरा. ओरेगनकडचा, बारा महिने पावसाच्या मुलखातला. सराटा त्याने इथे येऊनच पाहिला. पहाटे उठून त्याने सायकल पुसली, साखळीला तेल दिले आणि नोएलियाच्या आत्याचा, क्लेओफासचा, भुवया कोरायचा चिमटा घेऊन टायरमधला एकेक काटा उपटला. सगळे काटे बशीत नीट मांडून ठेवले होते. शाबासकीसाठी ठेवले होते, हे अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होते.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," कॉलिन म्हणाला.

आब्रानने बशीकडे पाहिले, मग थांबलेल्या लोकांकडे.

"विचारायची रीतच नाही तुमच्याकडे," तो म्हणाला. ऐकू कमी येत असल्याने त्याचा आवाज हल्ली चढलेलाच असे. "माझ्या सायकलला हात घातलास, विचारलं नाहीस. माझ्या मुलीच्या वेळी तरी कुठे विचारलं होतंस?"

गिटार जुळवणारा थांबला. त्या खोऱ्यात मुलाकडची वडीलधारी माणसे रीतसर मागणी घालायला मुलीच्या घरी येतात. कॉलिनला वडीलधारे कोणी नव्हते आणि हे आब्रानला ठाऊक होते. कॉलिनचे कान लाल झाले. त्याने बशी उचलली, पण ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, तेव्हा ती हातात धरूनच तो उभा राहिला. नोएलियाने बापाकडे एकदाच पाहिले.

शेवटी संत आब्रानच्या पुतण्याच्या पिकअप ट्रकमधून गेला. आब्रान धुळीत मागून चालला. घरोघरच्या माणसांनी त्याच्याकडे पाहायचे टाळले, आणि लोक सायकलमुळे हळहळताहेत, असे त्याने मनाशी धरले.

परतल्यावर बाहेर पोसोलेची, मक्याच्या झणझणीत रश्श्याची, पातेली उघडली गेली. आब्रान न जेवता शेडमध्ये शिरला आणि पुढचे चाक काढून टायरची कड सोडवली.

आत दूध नव्हते. टायरच्या आतून कोरडी साय धरली होती. नख लावले तशी ती पापुद्र्यासारखी सुटून आली. तळाशी रबराची एक गोळी घरंगळत होती. त्याने मागचे चाक उघडले. तिथेही तेच. असे चाक काट्यांच्याच आधाराने उभे असते; भोकांत बुचासारखे तेच बसलेले असतात. ओले दूध असते तर कॉलिनने सगळे काटे उपटले तरी काही बिघडले नसते. भोके मिटली असती आणि संत सायकलवरून गेला असता. आणि सणाच्या भरल्या अंगणात हे आता सांगायचे कोणी, तर ज्याने साऱ्या वस्तीला शिकवले त्यानेच.

आब्रानने साय गोळा करून खिशात कोंबली. मग त्याच्या ध्यानात आले की आपण ती लपवतो आहोत.

क्लेओफास दारात आली. ती त्याच्याहून मोठी, आणि त्याच्याशी बोलताना मुद्दाम समोर उभी राहायची. तिला सगळे ठाऊक असावे हे त्याला पहिल्यांदाच जाणवले. नोएलिया आणि कॉलिन सामान गाडीत भरताहेत, असे तिने सांगितले. कॉलिनने तिचा चिमटा धुऊन, पुसून परत दिला होता आणि तिचीही माफी मागितली होती.

"तुझं ते मोज्यांखालचं यंत्र घालून ये," ती म्हणाली. "ते काय म्हणताहेत, ते तरी ऐक."

यंत्र आणायला तो गेला नाही. तेवढ्यात ते निघून जातील अशी त्याला भीती वाटली. टायर पुन्हा बसवून त्याने डबा हलवला, पुढच्या चाकात दूध ओतले, कॉम्प्रेसरने हवा भरली आणि चाक घेऊन तो भर पंगतीत आला. कॉलिन गाडीचे मागचे दार लावत होता. आब्रानने हाक मारली. पंगतीतल्या माना त्याच्याकडे वळल्या.

त्याने चाक फिरवले. उपटलेल्या काट्यांच्या जागी पांढरे थेंब डोकावले, फसफसले आणि एकेक करून थिजले. मग त्याने खिशातली वाळकी साय काढून टेबलावर, कॉलिनने तिथे ठेवून दिलेल्या काट्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"हे आत होतं," तो म्हणाला. "चाक माझ्यामुळे बसलं. मी हलवून पाहिलं होतं, मला ऐकू आलं नाही. मला आता ऐकूच येत नाही. तुझी काही चूक नव्हती. आणि ते दुसरं जे बोललो, ते बोलायला नको होतं."

टेबलापाशी कोणीतरी चमचा खाली ठेवला. ज्यांच्या चाकांना तो कान लावत आला होता, ती सगळी माणसे तिथेच बसली होती. कुठे पाहावे हे न कळून आब्रान टायरकडे पाहत राहिला. इस्त्रीच्या शर्टावर दुधाचा डाग पडला होता आणि तो धुऊन जाणार नव्हता.

"मागचं चाक अजून भरायचं आहे," तो म्हणाला. "ओतल्यावर ऐकशील का? मला सांगायला कोणीतरी लागेल."

कॉलिनने नोएलियाकडे पाहिले. तिने मान हलवली नाही, पण गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कॉलिन आला, आब्रानच्या हातातले पुढचे चाक घेतले, कानाशी धरून हलवले आणि डोळे मिटले.

"येतोय आवाज," तो म्हणाला. मग आब्रानला कळले नसेल म्हणून समोर येऊन, ओठ सावकाश हलवत, पुन्हा एकदा म्हणाला.

आब्रानला पहिल्याच वेळी कळले होते. तरी त्याने दुसऱ्यांदा ऐकून घेतले, आणि मागचे चाक आणायला शेडकडे गेला.