मागच्या रांगेचा रिसीव्हर

गावोगावच्या सभांमध्ये माइकची वायर मुद्दाम आखूड ठेवली जाते, असा माझा सरळ आरोप आहे. नाव कोणाचंही घेत नाही, ज्याला लागायचं त्याला लागेल. वायर स्टेजवरून निघते आणि स्टेजवरच संपते. मग अध्यक्ष म्हणतात, "कोणाले काही बोलाचं असन तर पुढं या." मागच्या रांगेतून कोणी पुढं येत नाही आणि ठराव मंजूर होतो.

मी बोलतोय तो बिनवायरच्या माइकचा रिसीव्हर. माइक तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्यासोबत फोटो निघतात. मी चपटा काळा डबा, मागे दोन अँटेना. माइकातून निघालेला आवाज हवेतून येतो, तो मी झेलतो आणि मशीनकडे, म्हणजे अॅम्प्लिफायरकडे सोपवतो. मी चुकलो की आवाज तुटतो. मी बरोबर असलो की माझी आठवणही कोणाला येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या दुकानातलं खोकं, त्यात माझ्या दोन्ही बाजूंना निजलेले दोन माइक, आणि काउंटरपलीकडून आलेला एका मुलीचा आवाज, "बाबा, हाच घ्या ना."

ती खुशबू. साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. तिचे वडील केवळराम यांची एकोडीत साउंड सर्व्हिस आहे. आई चंद्रकांताबाई तलावातले मासे बाजारात नेऊन विकते. घर मूळचं मासेमारीचं. केवळरामांनी मात्र तरुणपणी जाळं सोडून भोंगा धरला.

केवळराम मनाने फार चांगला माणूस. दसऱ्याला त्यांनी सगळ्या सामानाची पूजा केली. मलाही हळदकुंकू लावलं, आणि काड्या मोडू नयेत म्हणून माझ्या दोन्ही अँटेना लाल धाग्याने एकमेकींना घट्ट बांधून टाकल्या. मग धूळ बसू नये म्हणून मला पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. कार्यक्रमातही मी पेटीतच, वायरीपुरती फट. इतक्या मायेने कोणी कोणाला बहिरं केलं नसेल. पत्र्यातून आवाज आत यायचा कसा? आणि दोन अँटेना दिल्या आहेत त्या यासाठी की एकीकडून निसटलेलं दुसरीने झेलावं. त्या अशा चिकटून उभ्या राहिल्या तर दोघींकडूनही एकच गोष्ट निसटते.

व्हायचं तेच झालं. एका लग्नात नवरीचे मामा आशीर्वाद देत होते. "सुखाने" ऐकू आलं, पुढचं गेलं, शेवटी नुसतं "करा" आलं. मांडव हसला. केवळराम म्हणाले, "हवेचा काही भरोसा नाही बाप्पा. आपली वायरच बरी." पावसाळाभर मी पेटीत पडून राहिलो.

त्यानंतर मच्छीमार सोसायटीची सभा आली. सोसायटी मासे विकायला शेड बांधणार होती आणि ती मोठ्या सडकेवर बांधायची हे पंचांनी ठरवूनच टाकलं होतं. शेडमध्ये बसणार होत्या बाया. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. घरी चंद्रकांताबाई भाकरी थापताना रोज म्हणायची, "सडकेवर पाणी नाही, सावली नाही. तिथं बसून काय करू आमी?"

"सभेत सांग ना मग," खुशबू म्हणायची.

"भासरे बसते ना व तिथं."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. सोसायटीचे अध्यक्ष टिकाराम हे केवळरामांचे थोरले भाऊ. आमच्याकडच्या जुन्या चालीप्रमाणे धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर उभी राहत नाही, त्याच्याशी बोलत नाही. टिकाराम अंगणात आले की चंद्रकांताबाई पदर ओढून आत जाते. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. अशा बाईने स्टेजवर चढून टिकारामांच्या हातून माइक घ्यायचा? मला तर या चालीचा इतका राग यायचा की वाटायचं, आपल्या अँटेना आपणच उपटून फेकाव्यात. पण खुशबू माझ्याहून शहाणी. तिने चालीशी भांडण काढलं नाही. तिने माझी पेटी उघडली.

सभा तलावाच्या पाळीजवळ, हिरव्या जाळीच्या मांडवात होती. सकाळीच तिने मला बाहेर काढलं आणि धाग्याला हात घातला.

"पूजेचा व्हय तो, तोडू नको," केवळराम म्हणाले.

"तोडत नाही, सोडून राहिली." तिने गाठ सोडली आणि तोच धागा माझ्या वायरीला बांधला. माझ्या दोन्ही अँटेना फाकवल्या, बोटांनी विजयाची खूण करतात तशा. कितीतरी दिवसांनी मी आळस दिला.

मग तिने मला मशीनपासून दूर, उंच स्टुलावर ठेवलं. तोंड मागच्या रांगेकडे. मला आजूबाजूची हवा चाचपायला लावली आणि जिथं दुसऱ्या कोणाची खरखर नव्हती तो चॅनल निवडला. माइकही त्याच चॅनलवर आणले, त्यांत नवे सेल घातले. आवाज फाटायला लागला की माझा लाल दिवा लागतो, तो लागणार नाही इतपत आवाज ठेवला. आणि माइक हातात घेऊन ती बोलत बोलत चालू लागली.

"हॅलो, मी आता खुर्च्यांपाशी हावो. आता मी कडुनिंबापाशी..." कडुनिंबाजवळ आवाज तुटला. मधे पाण्याचा टँकर उभा होता, सगळं लोखंड. केवळराम लगेच म्हणाले, "पाह्य, सांगत होतो ना." खुशबूने ड्रायव्हरला विनंती करून टँकर बाजूला घ्यायला लावला आणि पुन्हा चालून पाहिलं. आता मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला पुन्हा पेटीत ठेवायला आलेले केवळराम तसेच परत गेले.

सभा सुरू झाली. टिकारामांनी ठराव वाचला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "कोणाले बोलाचं असन तर पुढं या."

कोणी आलं नाही. खुशबू दुसरा माइक घेऊन मागे गेली, कडुनिंबाजवळ बाया बसल्या होत्या तिथं.

"मले नोको," चंद्रकांताबाई म्हणाली.

"आई, तू उठू नको, पुढं जाऊ नको. इथंच बस. आवाज जाईन."

शेजारची ललिताबाई म्हणाली, "धर व. मासा नाही व्हय तो, निसटत नाही."

चंद्रकांताबाईने माइक धरला तो बुडाशी, मुठीत आवळून. तिथंच त्याची अँटेना असते. माझ्या खिडकीतल्या सिग्नलच्या हिरव्या पट्ट्या झरझर खाली आल्या. मला घाम फुटायचा तेवढा राहिला. खुशबूने आईची बोटं हळूच वर सरकवली. पट्ट्या चढल्या. आईने पदर पुढे ओढला.

"शेड सडकेवर नोको."

टिकारामांच्या शेजारच्याच भोंग्यातून आवाज निघाला. ते दचकले, भोंग्याकडे पाहू लागले. "बोला बाई. काहून नोको? सडकेवर गिऱ्हाईक जास्त भेटते ना."

"गिऱ्हाईक भेटते, पाणी नाही भेटत. मासा धुवाचा कुठं? घडीभर उन्हात ठेवा, मंग तेच गिऱ्हाईक नाक दाबून जाते." मांडव हसला, पण ते लग्नातलं हसू नव्हे. "बसाचं आमाले हाये तर आमाले इचारा. कडुनिंबाखाली बांधा. बोरिंग तिथं हाये, सावली तिथं हाये."

मागून आधी बायांचे हात वर झाले, मग पुरुषांचेही. टिकारामांनी ते पाहिले, पंचांकडे पाहिलं, आणि ठरावातली 'सडक' खोडली.

आता मी पेटीत राहत नाही. लाल धागा अजून माझ्या वायरीला आहे. केवळराम स्वतः मला स्टुलावर ठेवतात आणि अँटेना फाकवताना खुशबूकडे बघतात, बरोबर आहे ना म्हणून. मी खुशीत आहे. मागणं एवढंच, मला उंच ठेवा, मोकळं ठेवा, आणि माइक घेऊन तुम्ही मागे चालत जा. पुढं या म्हणत बसू नका.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सभा संपल्यावर चहा सुरू होता. केवळराम माझ्याजवळ वायर गुंडाळत होते. टिकाराम आले.

"केवळ, कोणाच्या घरची गा ते बाई? चांगली बोलली."

केवळराम वायर गुंडाळतच राहिले. "आपल्याच घरची, दादा. खुशबूची माय."

टिकारामांचा कप तोंडापाशी थांबला. कडुनिंबाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली. म्हणाले, "आवाज नाही ओळखला मी."

शेजारी बसलेले म्हातारे पुंडलिकराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तुलेच ओळखू नाही आला. मी तर दर बाजारी आयकतो. एकदा सांगतला का भाव खाली नाही करत ते. कडुनिंबाखालीच बांध बाप्पा आता."