ढोलाच्या पोटातलं कापड

आनीबालने ढोलावर पालथा हात दाबून धरला होता. कोणाचा धक्का लागून तो वाजू नये, एवढंच त्याला हवं होतं. मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या बुटक्या खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, अर्धी दक्षिणेची, अर्धी उत्तरेची. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोन्हीकडचे लोक एकाच नळीने माते, तो कडवट चहा, ओढत होते.

एकाच फुटबॉल क्लबचे, एकाच हिरव्या-पांढऱ्या रंगाचे पाठीराखे. पण एका भांडणापायी फुटले आणि मैदानाच्या दोन टोकांना जाऊन बसले. आता उत्तरेचा स्टँड धोकादायक ठरून बंद झाला होता. आजच्या सामन्यापासून सगळे एकत्र, ढोलही एकच, असं ठरत आलं होतं.

"आमची एक अट आहे," देल्फिना उठली. उत्तरेचं प्रत्येक बॅनर तिच्या हातचं. "चिचो आत येणार नाही. आम्ही काढलाय त्याला, तुम्हीही घ्यायचा नाही."

"अगं, तो फाटकाबाहेर चोरिपान विकतो, पावात सॉसेज घालून. कोणाच्या अध्यात ना मध्यात," दक्षिणेकडून कोणी म्हणालं.

"माझ्या भावाचं बॅनर त्याच्या ताब्यात होतं. रूलो गेला तेव्हा आईच्या चादरीवर शिवलं होतं मी. ह्याने दारूपायी फुंकलं. तुम्ही पळवलं असतंत तर पुढच्याच रविवारी उलटं टांगून मिरवलं असतंत. खरं की नाही?"

"ते खरं," दक्षिणेकडचा एक जण म्हणाला.

"मग करा हात वर."

हात वर झाले. आनीबालचाही झाला.

नऊ वर्षांपूर्वी परगावच्या सामन्याला उत्तरवाल्यांची बस उभी होती. आत चिचो झोपलेला. दक्षिणेच्या आनीबालने त्याच्या उशाखालची बॅनरची गुंडाळी अलगद ओढली आणि घरी येऊन मोठ्या फुशारकीने उलगडली, तर समोर रूलोचं नाव. फूट पडायच्या आधी हाच ढोल तो आणि रूलो दोन बाजूंनी वाजवायचे. रूलोला उलटं टांगायला त्याचा हात धजेना. परत करावं, तर आपलेच लोक फितूर म्हणणार. आवाज घुमू नये म्हणून ढोलात कापड भरतातच. त्याने तेच भरलं आणि स्क्रू आवळले. मग चिचोवर आळ आल्याचं कानावर आलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. दर रविवारी तो चिचोकडेच खायचा आणि चिचो त्याच्यासाठी खरपूस भाजलेलं सॉसेज बाजूला काढून ठेवायचा. ते तो मुकाट्याने खायचा.

आनीबालने आपल्या वर झालेल्या हाताकडे पाहिलं. त्याला स्वतःची शिसारी आली. हात खाली घेऊन त्याने खिशातली किल्ली काढली आणि स्क्रू सोडवायला सुरुवात केली.

"अरे, आता काय काढलंस हे? सामना तासावर आलाय!"

त्याने कातडं बाजूला केलं आणि आत हात घालून कापड ओढलं. आधी हिरवी किनार आली, मग रूलोच्या नावाची अक्षरं.

"मी चोरलं होतं," तो म्हणाला. "चिचो झोपला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं."

देल्फिनाने कापड हातात घेतलं. जिथे टोला बसायचा तिथे ते विरलं होतं. त्या विरल्या जागेवरून तिने दोनदा बोट फिरवलं. शिव्या तिने दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"जा, घेऊन ये त्याला," ती म्हणाली. "तूच जा."

फाटकाबाहेर चिचो निखारे सारखे करत होता.

"आज लवकर? थांब, तुझं व्हायचंय अजून."

आनीबालने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चिचोने एक सॉसेज परतलं, मग दुसरं.

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? भिंतीबाहेर उभ्या माणसाला ऐकण्यावाचून काम काय! बॅनर गेलं आणि पुढच्याच रविवारी तुझा ढोल बसका वाजला. बहिऱ्यालाही कळलं असतं, लेका."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर माझं कोणी ऐकलं असतं?" चिचोने निखाऱ्यावर पाण्याचा शिपका मारला. "तू यायचास ना दर रविवारी. वाटायचं, आज सांगेल."

आनीबालला मान वर करवेना. चिचोने अंगावरचा एप्रन सोडून त्याच्या हातात दिला, वर चिमटा ठेवला.

"करपू देऊ नकोस," म्हणाला आणि फाटकातून आत गेला. आत जाताना क्षणभर अडखळला, एवढंच.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे ढोल वाजला. मोकळा, खणखणीत. रस्त्यावरची माणसं लगबगीने आत निघाली. त्यातला एक जण गाडीपाशी थांबला.

"एक दे रे. खरपूस."

आनीबालने एप्रन बांधला आणि चिमटा उचलला.