पडद्याखालचे पाय

मी एक पुतळी. टेलरबाईंच्या दुकानात पडद्याशेजारी उभी असते ना, तीच. मला डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली नुसता लाकडी दांडा आणि त्याला तीन पाय. मग सगळं दिसतं कसं, असं विचारू नका. चाळिशी ओलांडलेल्या बाईला बघायला डोळे लागत नाहीत.

कारखान्यात माझ्या अंगात भुसा ठासला आणि वरून जाड कापड ताणून शिवलं. आधी मी एका मोठ्या दुकानाच्या काचेत होते. येणारे-जाणारे थांबायचे. मला वाटायचं, मलाच बघतात. बघायचे किमतीची चिठ्ठी! पुढे डोकी असलेल्या गुळगुळीत पोरी आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून टेलरबाईंनी मला भंगारात उचललं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "चल गं बाई, तुला कामाला लावते."

काम सोपं. जिचे कपडे, तिच्या मापाचं माझं अंग. टेलरबाई कापसाच्या पट्ट्या गुंडाळून मला पोट देतात, दंड देतात, काढूनही घेतात. सकाळी जाड, संध्याकाळी बारीक, आणि उपास एकही नाही.

दुकान लहानच. पुढे शटर, मध्ये मशीन, मागे पडदा. पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. तिथे आरसा, स्टूल आणि मागच्या बोळात उघडणारं दार. त्या दाराला दुकानात कुणी दार म्हणून मोजलंच नव्हतं. गिऱ्हाइकांना उकडतं म्हणून ते कायम उघडं, त्याला जुन्या इस्त्रीचा टेकू.

त्या दुपारी रस्त्यावरून भोंग्याची गाडी गेली. शहरात अस्वल शिरलंय, दारं लावून घ्या, बाहेर पडू नका. टेलरबाईंच्या नणंदेने धडाधड शटर खाली ओढलं.

"वहिनी, कडीसुद्धा घातली. आता अस्वल काय, त्याचा बाप येत नाही."

"बापाचं माप आणलंय का विचार," टेलरबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. मलाही हसू आलं. मागचं दार मलाही आठवलं नाही. भुशाचंच अंग माझं, दुसरं काय!

आत पडद्यामागे बोळापलीकडच्या काकू होत्या. लेकीकडे थंडीच्या गावाला जायचं म्हणून लांब कोट शिवायला टाकला होता, तो घालून बघत होत्या. त्या दिवशी मी काकूंच्या मापाची होते. पोट, पाठ, सगळं काकूंचं.

पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. त्याखाली मला काकूंची पावलं दिसत होती. मग दिसेनाशी झाली. स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या असतील म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा पावलं आली. पण ओल्या मातीचा आणि सडक्या फळांचा वास आला. काकू तर पावडर लावतात.

नणंदेचं मशीन चालू होतं. टेलरबाईंनी तोंडात टाचण्या धरल्या आणि पडद्यापाशी गुडघे टेकले.

"काकू, सरळ उभ्या राहा हं. खालची दुमड घेते," त्या ओठांच्या फटीतून म्हणाल्या.

आतून नुसता श्वास आला, लांब आणि घोगरा.

"पोट आत ओढू नका हो. गावाला जाऊन खाणारच आहात ना?"

आता मला पाय नीट दिसले. काळे, आत वळलेले. फरशीवर नखं वाजत होती. टिक. टिक. मी ओरडायचं म्हटलं तर ओरडायला तोंड कुठाय? टेलरबाईंनी सवयीने पडद्याखाली हात घातला आणि कोटाची कड शोधू लागल्या.

तेवढ्यात मागच्या बोळातून काकूंचा आवाज आला.

"अगं टेलरबाई, सूनबाई म्हणतेय बाही लांब झालीय!"

काकू कोट दाखवायला सुनेकडे गेल्या होत्या. कापड स्वतःच्या अंगावर, पण मत सुनेचं लागायचं. भोंगा ऐकूनही गेल्या होत्या, बोळच तर ओलांडायचा!

टेलरबाईंचा हात पडद्याखाली तसाच होता. बोटांत केस होते. किंचाळल्या असत्या, पण तोंडात टाचण्या. त्यांनी हात हळूच मागे घेतला, उठल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हणत होते, हलू नका बाई. माझ्यासारख्या उभ्या राहा.

पडदा फुगला, बाजूला झाला. अस्वल दोन पायांवर होतं, माझ्याहून हातभर उंच. त्याने जिथे माझं डोकं असायला हवं तिथे नाक आणलं. काहीच सापडलं नाही. मग खांद्यावर पंजे ठेवले आणि खाली ओढले. काकूंचं पोट टराटरा फाटलं. कापूस आला, मग भुसा. अस्वलाने ते हुंगलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. टेलरबाईंची पापणीसुद्धा लवत नव्हती.

"ऐकलं का गं? येतेय मी आत," काकू दाराशी आल्या होत्या.

टेलरबाईंच्या तोंडातून टाचण्या गळल्या. एकेक करून फरशीवर वाजल्या. मग रोज माप घेताना असतो तशाच आवाजात त्या म्हणाल्या, "काकू, आत येऊ नका. दार ओढून घ्या."

"अगं, उकडेल ना तुला!"

"ओढा."

इस्त्री सरकली, दार लागलं. अस्वलाची परतायची वाट ती एकच होती. टेलरबाईंनी स्वतःच बंद करायला लावली.

मशीन थांबलं. "वहिनी, कसलं दार..." म्हणत नणंद वळली. जन्मात पहिल्यांदा तिने वाक्य अर्धं सोडलं. भिंतीला पाठ घासत ती पुढे सरकली, कडी काढली आणि शटर एका दमात वर ढकललं. उजेड आत आला. अस्वलाने मला खाली टाकलं, उजेडाकडे गेलं आणि रिकाम्या रस्त्यावर उतरलं. कोपऱ्यावर वनखात्याची माणसं होती. त्यांनी सुई मारून त्याला निजवलं आणि ट्रकमधून नेलं.

कुणाला खरचटलंही नाही, असं सगळे म्हणतात. मला टेलरबाईंनी शिवलं. पोटावर चार जाड टाके आहेत, गिऱ्हाइकं बोट लावून बघतात. काकू कोट घालून लेकीकडे गेल्या.

पण काम करता करता टेलरबाई मध्येच थांबतात. माझ्याशेजारी उभ्या, हात खाली, पापणी हलत नाही. नणंद हाक मारते, "वहिनी... अगं वहिनी!" कधी दुसऱ्या हाकेला वळतात, कधी चौथ्या. परवा एक नवी बाई आली, टेलरबाईंच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं आणि नणंदेला विचारलं, "हे केवढ्याचं?" टेलरबाई हलल्या नाहीत.

माझं उभं राहणं जन्माचं आहे, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही दुकानात आलात, तर आधी त्यांना हाक मारा. त्या दिवशी मी मनातल्या मनात 'हलू नका' म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. आता रोज 'हला' म्हणतेय, ते काही ऐकू जात नाही.

तुम्हाला तोंड आहे. जरा मोठ्याने म्हणा.