दोन घडींचे पाणी

माघातला सकाळचा उजेड नंदुरबारात घाईने येत नाही. आधी तो गावाबाहेर मिरच्या वाळत घालायच्या पथारींवर पसरतो, तिथली तांबूस धूळ थोडी अंगाला लावून घेतो आणि मग गल्ल्यांमध्ये शिरतो. साडेनऊ वाजून गेले होते, तेव्हा तो चुनीलालशेठच्या स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीतून उतरत होता. ओट्याच्या काळ्या दगडावर त्याने एक फिकट पट्टा ठेवला होता. पितळी कळशीची कड त्याने उजळली होती आणि उपड्या घातलेल्या वाट्यांच्या पाठीवर एकेक ठिपका सोडला होता. खाली फरशीवर त्याचा चौकोन पडला होता. त्या चौकोनात धुळीचे कण वर चढत, थांबत, पुन्हा खाली येत. मी त्याच्याकडे गरजेपेक्षा अधिक वेळ पाहत राहिलो. कारण त्याच्या कडेला तीन बायका होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते.

समोर डिशवॉशरचे दार उघडे होते. तळाशी चार बोटे गढूळ पाणी साचले होते.

यंत्र साडेनऊला मध्येच बंद पडले होते. मी दुसऱ्या गल्लीत एका फ्रिजचे काम करीत होतो, म्हणून दहा मिनिटांत येऊ शकलो. शेठच्या आई भूरीबाई भिंतीवरच्या घड्याळाखाली पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या जैन धर्मात उष्टे पाणी दोन घडींहून, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांहून, अधिक साचू द्यायचे नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव उपजतात आणि मग त्यांच्या मरणाचे पाप घराला लागते. यंत्र घेताना सुनेने, अल्पनाताईंनी, त्यांना शब्द दिला होता की यात पाणी थांबतच नाही. आता ते थांबले होते.

"दहा अठराना पहिले पानी निंघाले जोयजे, भाऊ," भूरीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपे गेले असते.

मी प्लास्टिकच्या मगाने पाणी बादलीत काढू लागलो. घरकाम करणारी फुलवंताबाई बादल्या गच्चीवर नेऊन उन्हात पातळ पसरून येत होती. तळाच्या खळग्यातले उरलेले पाणी मी स्पंजने टिपले. दहाला पाच कमी असताना तळ कोरडा झाला आणि भूरीबाईंनी हात जोडून डोळे मिटले. आता सगळे मोकळे होतील असे मला क्षणभर वाटले.

पण अल्पनाताईंना कारण हवे होते. त्यांनी जे सांगितले त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. या घरात ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत आहे. ताटात भाताचे शीत उरत नाही. खालची गाळणी त्या स्वतः रोज साफ करतात. मग अडकले ते काय, आणि ते टाकले कोणी? यंत्रात भांडी लावण्याचे काम फुलवंताबाईचे. यंत्र आल्यापासून तिचे निम्मे काम कमी झाले होते. आणि दिवाळीत तीच यंत्राकडे बोट दाखवून हसत म्हणाली होती, "शेठानी, हाई बी थकी एक दिवस, मंग माले बलावशात." तेव्हा सगळे हसले होते. आज अल्पनाताईंनी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि कोणी हसले नाही.

फुलवंताबाई रिकामी बादली घेऊन ओट्याशी थांबली होती. ती धडगावकडची, माझ्याच मुलखातली. दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायची. या गल्लीतली चार घरांची कामे मिळाल्यापासून तिचे जाणे थांबले होते, मुलगी रिना एकाच शाळेत टिकली होती. ती चारही घरे भूरीबाईंच्या शब्दावर मिळाली होती, आणि त्यांच्याच शब्दावर जाऊ शकत होती. हे तिला ठाऊक होते आणि मलाही. रिकामी बादली ठेवताना तिने आमच्या बोलीत मला हळूच विचारले, बाळा, माझ्या हातून खरेच काही आत गेले असेल का? तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला होता.

मी मान खाली घालून काम करीत राहिलो. गाळणी स्वच्छ होती. पंपाचे झाकण काढले; पंखा बोटाने सहज फिरला. यानंतर एकच जागा उरत होती. मी ती मुद्दाम उशिरापर्यंत टाळली, हे आता लिहिताना कळते. यंत्र पुढे ओढले, आणि पाणी बाहेर नेणारा पाइप मोरीच्या नळकांड्यातून उपसून काढला.

त्याच्या तोंडावर कापडाचे एक बोचके होते. दुपदरी मलमल, दोऱ्याने करकचून बांधलेली. तूप, साबण आणि मिरचीचे बी यांनी लिंपून चामड्यासारखी झालेली. मी ते ओळखले नाही, असे मी स्वतःला सांगितले. पण दोऱ्याची गाठ माझ्या बोटांच्या ओळखीची होती.

नवरात्रात यंत्र बसवायला मीच आलो होतो. त्या दिवशी भूरीबाईंनी घडी घातलेली मलमल माझ्या हाती देऊन नळाला बांधायला सांगितले होते. घरातल्या प्रत्येक नळाला ती बांधलेली होतीच; न गाळलेले पाणी या घरात वापरत नसत. मी पाणी आत आणणाऱ्या पाइपाच्या पेचाच्या आट्यांत ती बसवून पाहिली. सांधा ठिबकू लागला. पुन्हा बसवली, पुन्हा ठिबकला. फोनवर ऑफिसातून पुढच्या कामाची घाई चालली होती. जमत नाही, एवढे दोन शब्द त्या म्हाताऱ्या बाईला सांगणे मला जमले नाही. दुसऱ्या, पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाला आट्या नव्हत्या; तिथे ती सहज बांधता आली. बाहेरून त्यांनी विचारले, बांधले का? मी हो म्हणालो. पाणी आत शिरतानाच बारीक जाळी असते, तीही गाळतेच की, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

"हे बघा मम्मीजी, चिंधी," अल्पनाताई म्हणाल्या. "पुसायचं फडकं गेलंय पाइपात. मी म्हणत होते ना."

फुलवंताबाईने ते बोचके पाहिले आणि पदराने तोंड पुसले.  भूरीबाईंनी सावकाश सांगितले की तिने उद्यापासून येऊ नये. शेजारच्या घरांना त्या स्वतःच कळवतील.  फुलवंताबाईने खुंटीवरची पिशवी काढली.

मी पाइप पुन्हा नळकांड्यात घालू शकलो असतो. पाणी खळखळून गेले असते, मला चहा मिळाला असता. मी पाना उचललादेखील. फुलवंताबाई दारापर्यंत पोचली होती, चपलेत एक पाय घातलेला होता.

"ते फडके तिचे नाही," मी म्हणालो.  "मी बांधले. यंत्र बसवले त्या दिवशी."

 फुलवंताबाई एका चपलेवर थांबली. मी घाईघाईने सांधा, ठिबकणे, पुढचे काम, असे काहीबाही सांगू लागलो, कारण बोलणे थांबले की पुढचा प्रश्न येणार हे मला दिसत होते.

भूरीबाई पाटावरून उठल्या. ओट्याला हात टेकवून त्या यंत्राच्या मागे वाकल्या. एक पाइप पाहिला, दुसरा पाहिला. मग त्यांनी मलमलीचे ते बोचके तळहातावर घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"हाई जानारा पानीले बांधेल शे," त्या म्हणाल्या. "मंग येनारा पानीले काय बांधेल शे?"

चार महिने त्या घरातली भांडी न गाळलेल्या पाण्याने धुतली गेली होती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.