वरच्या राज्याचं नाव

गेली सव्वीस वर्षं मी लेक एरीच्या काठावरच्या आमच्या गावात हायस्कूलच्या मुलांना कॉलेजं सुचवते आहे, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारायची असती तर 'कधीच चुकत नाही' म्हटलं असतं. पोर समोर बसलं की मी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखते: हमखास, जमेल, उडी. परराज्यातल्या विद्यापीठांना हमखासमध्ये टाकताना माझा हात आखडतो, कारण तिथे घरच्यांना आधी जागा, मग पाहुण्यांना. शिवाय घेतील का एवढ्यावर भागत नाही. घेतलंच, तर पोर तिथे रमेल का, हेही बघावं लागतं. पालकांना नेमकं हेच विचारायचं सुचत नाही.

टेसा कोवाचला जहाजं आखायला शिकायचं होतं. तिचा बाप वेंडल धक्क्यावर बोटी दुरुस्त करतो आणि ही त्याच्या हाताखाली वाढलेली. आमच्या राज्याच्या मोठ्या विद्यापीठात सगळं मिळतं, पण हा विषय मिळत नव्हता. तेव्हा बाहेर जाणं आलंच. न्यू ऑर्लिन्स मी हमखासमध्ये टाकलं, पण जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर हुंदडणारी पोर त्या उकाड्यात कोमेजली असती. व्हर्जिनिया जमण्यासारखं होतं, पण तिथलं सगळं चित्त समुद्राकडे, आणि टेसाचा जीव गोड्या पाण्यात. उरलं तिसरं. तिथे नमुन्याच्या नावा ओढून बघायला लांबच लांब हौद होता, माणसं आमच्यासारखीच तळ्याकाठची, आणि गाडीने घर तीन तासांवर. पोरीला मापून शिवल्यासारखं होतं ते. पण बाहेरच्यांपैकी पाचात एकाला घेतील तर घेतील, म्हणून मी ते उडीच्या रकान्यात लिहिलं.

लिहिलं म्हणजे काय, 'वरचं' एवढंच लिहिलं. ते वरच्या राज्याचं, त्याच्याच नावाचं विद्यापीठ आहे आणि ते नाव आम्ही ओहायोवाले घेत नाही. फुटबॉलमुळे. नोव्हेंबरात त्यांच्याशी सामना असतो त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, एम, दिसेल तिथे लाल पट्टीने खोडतो. वेंडलच्या दुकानाच्या पाटीवर 'कोवाच मरीन' लिहिलेलं आहे, तर तो दरवर्षी शिडी लावून स्वतःच्याच पाटीवर, मरीनच्या एमवर, काट मारतो. बाहेरच्यांना हे पोरकट वाटतं. वाटू दे.

तेव्हा वेंडलला समजावणं मला जड गेलं. आम्ही एका वर्गातले, त्यामुळे त्याने भीडभाड ठेवली नाही. सगळं जग मोकळं असताना पोरीला तिकडेच पाठवायला मला काही वाटतं का, असं त्याने मला माझ्याच खुर्चीत बसून ऐकवलं. मीही कमी नाही. पोरगी तुझी आहे, संघ तुझा नाही, असं मी म्हटलं. शेवटी तो उठला. जाताना म्हणाला, "करू दे अर्ज. घेतायत कुठे तिला."

अर्जात एक निबंध असतो: आमच्याकडेच का यायचं आहे? टेसाने सुरेख लिहिला होता. त्या हौदाबद्दल होतं, बापाच्या दुकानातल्या वासाबद्दल होतं. मी तीनदा वाचला, दोन स्वल्पविराम हलवले आणि फक्कड झालाय म्हणून सांगितलं. शेवटचा दिवस एक नोव्हेंबर. त्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत बसून पाठवू, असं ठरलं.

त्या दिवशी अडीच वाजता दारात टेसाऐवजी वेंडल उभा. डोक्यावर आमच्या संघाची लाल टोपी, हाताला राळ, आणि हातात निबंधाचा कागद. पोरीने घरी ठेवलेला त्याने उचलून आणला होता.

"लोइस, हे तू वाचलंस?"

"तीनदा."

"मग तुझे डोळे गेले. नाव कुठाय?"

मी कागद घेतला. 'तुमच्याकडे', 'तिथे', 'वर तुमच्या हौदात'. दोन पानांत विद्यापीठाचं नाव एकदाही नव्हतं. जन्मात कधी उच्चारलं नाही ते नाव पोरीच्या बोटांतून उतरलंच नव्हतं, आणि मला वाचताना खटकलंही नव्हतं, कारण मीही इथलीच. माझे कान तापले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई मी.

"आपल्याला कळतं गं," वेंडल म्हणाला. "त्यांना काय कळणार? त्यांना वाटेल, एकच पत्र दहा ठिकाणी धाडलंय. पहिल्या पानावरच बाजूला ठेवतील."

मी त्याच्याकडे बघितलं. पोरगी तिकडे जाऊ नये हेच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी त्याला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ते मी बोलून दाखवलं.

तो टोपी हातात घेऊन उगाच चाचपत बसला. "भोक दिसल्यावर मी नाव पाण्यात सोडत नाही," तो म्हणाला. "कुणाची का असेना."

त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. शाळेत असताना अजिबात आवडत नव्हता.

टेसा आली, बापाला बघून दचकली. मी काय झालं ते सांगितलं, तशी ती खो खो हसली आणि मग एकदम रडवेली झाली. अर्ज उघडून बसली, पण बोटं हलेनात. बाप मागेच उभा होता. त्याच्यादेखत ते नाव लिहायचं म्हणजे तिला त्याच्या ताटात माती कालवल्यासारखं वाटत असणार.

"लिही," वेंडल म्हणाला.

"काय लिहू, बाबा?"

तो खाकरला. "मिशिगन," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला असेल. टेसाने खाली मान घालून टाइप केलं. तो वाकून पडद्याकडे बघत राहिला.

"एम मोठा काढ," तो म्हणाला. "नीट काढ."

तिने चार ठिकाणी नाव घातलं आणि अर्ज पाठवला. मी तो उडीच्या रकान्यातून हलवला नाही. चूक दुरुस्त केली म्हणून पाचात एकाचं चारात एक होत नाही.

त्याच महिन्यात वेंडलने पाटीवर काट मारली, नेहमीसारखी.

जानेवारीच्या अखेरीस, दुपारी, शाळेतला फोन वाजला. दुकानातून वेंडल बोलत होता, मागे यंत्रांची घरघर.

"घेतलं तिला," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

तो मोठ्याने, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मिशिगनला." मागून त्याच्या कामगारांनी हुर्यो उडवली.

वेंडलने फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नसावा, मला ऐकू आलं.

"गप बसा रे," तो म्हणत होता. "माझी पोरगी जायचीय तिथं."