डावा दांडा

"जरा मागे सरकून बसा," फिटर म्हणाला.

गिऱ्हाईक सरकून बसला. त्याने उजवीकडे पाहिलं.

तीनचाकी नवीकोरी होती, दांडा मागेपुढे करून हाताने चालवायची. पण दांडा उजव्या बाजूला होता, आणि त्याची उजवी बाही खांद्यापासून रिकामी, पिनेने वर टाचलेली.

"दादा, चालव की," त्याची बहीण म्हणाली. तीन बस बदलून आली होती दोघं.

"चालवतो. थांब."

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी खिडकीतून हे पाहिलं.

या कारखान्यात तयार गाडी नसे. ऑर्डर आली की माणसाच्या मापाने जोडायची. चाकं, सांगाडे, बैठका सुट्या पडलेल्या, आणि काय शिल्लक आहे ते बाईंनी सांगायचं. बावीस वर्षं त्यांनी 'आहे' म्हटलं की ते असायचंच. डावा दांडा वर्षाकाठी एखाद्याला लागे. परवा ऑफिसातून विचारणा झाली तेव्हा गुडघे ठणकत होते. शिडी न चढता त्यांनी खालूनच खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि 'आहे' म्हणून कळवलं. आत उजवे निघाले. फिटरच्या कागदावर नुसते नंबर, डावा-उजवा लिहिलेलं नाही. गिऱ्हाईक त्याने आजच पाहिला.

"माझ्याच हातून बाजू चुकली," फिटर म्हणाला. साहेबांनी त्याला दहा जणांसमोर झापलं. बाई खिडकीमागे रजिस्टरची पानं उलटत राहिल्या.

भाऊ-बहीण रिकामे परतले. फिटर खिडकीशी आला.

"तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत, ताई. माझी कातडी जाड आहे."

"मी खोकं उघडलंच नव्हतं रे."

"माहीत आहे मला."

हे त्यांना साहेबांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

सकाळी त्या साहेबांकडे गेल्या, सगळं सांगितलं. "असू दे, होतं कधीकधी," म्हणत साहेबांनी फाइल ओढली. फिटरला बोलणी चारचौघांत. बाईंची कबुली बंद दाराआड. त्या बाहेर आल्या तेव्हा फिटर मान खाली घालून चाक बसवत होता. त्याच्यासमोरून जायला नको म्हणून त्या मागच्या दाराने स्टोअरमध्ये गेल्या.

आठवड्याने डावा दांडा आला. दोघं पुन्हा आली. त्याने अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी, आणि बहीण टाळ्या पिटायला लागली. पोचपावतीवर सही घ्यायचं काम ऑफिसचं, पण बाई स्वतःच कागद घेऊन गेल्या. फिटर तिथेच उभा होता.

"मागची चूक यांची नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज हवा होता तेवढा मोठा निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "यांची नव्हती. माझी होती. न बघताच 'आहे' म्हटलं मी."

गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

पेन त्याने डाव्या हातात धरलं. त्या हाताचं अक्षर नुकतंच शिकलेलं, आणि कागद मांडीवरून सारखा निसटत होता. बाई वाकल्या. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी तळवा दाबून धरला. तो एकेक अक्षर काढत होता, सावकाश, आणि त्याचं नाव बरंच लांब होतं.